कुंपणातला खड्यानाग आणि कोकिळेचे माहेर

मी, कौसल्या विठ्ठलराव राऊत, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार दिग्रस, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन मला पाढे विचारावेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी छाती असलेला माणूस या गावात मला अजून भेटायचा आहे. वकिलांनी दिलेल्या मसुद्यात ‘निर्भयपणे’ असा एक शब्द होता. तो मी खोडला आहे, कारण तो खरा नाही. मी घाबरलेली आहे, आणि कशाला घाबरले आहे हे सांगितल्याशिवाय पुढच्या कलमांचा अर्थ कोणाला लागणार नाही.

कलम पहिले. माझे हृदय थकले आहे. पायांवर सूज येते, आडवे झाले की श्वास कोंडतो, म्हणून मी खुर्चीत बसून झोपते. डॉक्टर मन्सूर मला एका विलायती फुलझाडाच्या पानांपासून केलेले थेंब देतात. जन्मभर मुलींना पाने ओळखायला शिकवली. आता एका पानावरच माझा श्वास टिकून आहे. किती दिवस, असे विचारले तर डॉक्टर छताकडे पाहतात. माझ्या दिवंगत भावाची मुलगी कोकिळा हिला दसऱ्याच्या सुमारास दिवस भरतील. या दोन गोष्टींतली कोणती आधी होईल, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मला मरणाची भीती नाही. आधी मरण्याची आहे.

कलम दुसरे. कोकिळा पाच वर्षांची असताना तिची आई पटकीने गेली, नंतर काही वर्षांनी वडीलही गेले. ती आणि तिचा थोरला भाऊ वामन या घरात वाढली. कोकिळेचे लग्न तिच्या वडिलांनी हयातीत ठरवून टाकले होते, अरुणावतीच्या पलीकडच्या गावात. पावसाळ्यात नदी चढली की त्या गावाचा आणि डॉक्टरांचा संबंध तुटतो. जावई मुलगा वाईट नाही, पण आईपुढे त्याला तोंड नाही. आई म्हणजे शकुबाई. त्यांच्याविषयी मी पुढे लिहिणार आहे. त्या दुष्ट नाहीत, हे इथेच लिहून ठेवते. दुष्ट असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती. दुष्ट माणसाला निदान धाक दाखवता येतो.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. त्या रीतीवर मी कोकिळेला सातव्या महिन्यात आणले. तेव्हा शकुबाई ओसरीवर बसून म्हणाल्या होत्या, “माय नाही, बाप नाही. आत्याच्या घराले कोनी माहेर म्हंते काय, बाई?”

मी म्हणाले, “जिथे तिला वाढवले ते माहेर. तुम्हाला दुसरे कुठले ठाऊक असेल तर पत्ता द्या.”

त्या हसल्या. पण वाक्य त्यांनी गाठीला बांधून ठेवले, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसले.

कलम तिसरे, खड्यानागाविषयी. माझ्या घरामागे, विहिरीच्या अंगाला, कुंपणावर जो वेल चढतो त्याला आमच्याकडे खड्यानाग म्हणतात, पुस्तकात कळलावी. मी तो लावलेला नाही. टेकडीच्या उतारावर, नाल्याच्या काठी, बांधावरच्या बोराटीत तो आपणहून येतो. उन्हाळ्यात मेल्यासारखा दिसतो, मृगानंतर उठतो आणि पोळ्याच्या सुमारास त्याला अशी लाल-पिवळी फुले येतात की चुलीतल्या जाळाच्या जिभा उलट्या टांगल्यासारख्या वाटाव्यात. याच्याइतके सुंदर फूल या जिल्ह्यात दुसरे नाही. ओळखायचा तो मात्र फुलावरून नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटात आम्हाला सिस्टर बर्नाडेट होत्या. त्यांनी माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवले की आधी पान बघ, फूल कोणीही बघते. खड्यानागाच्या पानाचे टोक काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखे वळते आणि जे सापडेल त्याला धरते. त्याच्या शेजारीच मी शतावरी लावली आहे. तिची पाने सुईसारखी आणि मुळे बोटांच्या घोसासारखी, बाळंतिणीला दूध येण्यासाठी देतात ती. खड्यानागाचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा. शतावरी पोटात घ्यायची, खड्यानाग कधीही नाही.

बाळंतपण अडले की या कंदाचा तुकडा बाईच्या कमरेला बांधायचा किंवा लेप तळपायाला लावायचा, आणि मूल बाहेर येताच त्याच क्षणी काढून फेकायचा, नाहीतर तो मुलामागून बाईचाही जीव ओढतो, अशी आमच्या भागातली समजूत आहे. बांधण्याने काय होते, मला माहीत नाही. पोटात गेल्याने काय होते, ते मी पाहिले आहे.

शकुबाईंची थोरली सून गिरिजा माझी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी तिचे बाळंतपण अडले. मला निरोप आला तेव्हा मूल होऊन गेले होते. मुलगा. अंगणात थाळी वाजवणे चालू होते आणि आत गिरिजा ओकत होती. घसा जळतो म्हणत होती, पाणी मागत होती, पोटात काही ठरत नव्हते. मी विचारले, “तिला काय दिले?”

“द्याचं काय? कंद बांधला होता कमरेले.”

“आणि?”

“आनि उलीसक उगाळून पाजला. बांधून काई होईना तं काय करावं?”

गिरिजा तिसऱ्या दिवशी गेली. गावाने निकाल लावला तो असा, की मुलगा झाल्याच्या आनंदात सुईण सोनीबाई कमरेचा कंद सोडायला विसरली, आणि कंदाने जीव ओढला. सोनीबाईला त्या गावात पुन्हा कोणी दारात उभे केले नाही. मी ओरडून सांगितले की बांधलेल्याने नव्हे, पाजलेल्याने मेली. शकुबाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. सुनेवर त्यांचा जीव होता. त्या म्हणाल्या, “नाही बाई, सोडाले उशीर झाला. आता धाकटीच्या टायमाले मी सोताच सोडीन. कोनावर भरोसा नाही ठेवत.”

धाकटी म्हणजे माझी कोकिळा. एका मृत्यूवरून शकुबाई धडा शिकल्या, आणि तो चुकीचा शिकल्या. उगाळण्याबद्दल त्यांच्या मनात तसूभरही शंका नाही. लोक मला म्हणतात, कौसल्याबाई, तुम्ही पराचा कावळा करता. म्हणोत. गिरिजाच्या उशाशी ते नव्हते.

कलम चौथे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शकुबाई कोकिळेला भेटायला आल्या. पुरणपोळ्या आणल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. जाताना हात धुवायला विहिरीकडे गेल्या. संध्याकाळी मी मागे गेले तर कुंपणापाशी माती उकरलेली. फुलांनी भरलेला वेल जमिनीवर पडलेला होता, आणि खालचा कंद नव्हता.

मी रहमतबीला हाक मारली. रहमतबी माझी शेजारीण, कुंपणापलीकडे राहते. नवरा जिनिंगमध्ये फिटर होता, आता मुलगा जफर मोटारी दुरुस्त करतो. ती म्हणाली, “तुमच्या विहीनबाईनं खोदला ना. म्या इचारलं, काहून खोदून राह्यल्या? तं म्हने, आमच्या बांधावरचे बारीक हायेत, बाईच्या कुंपनातला जोमदार हाय. कोकिळेसाठीच नेऊन राह्यली.”

चोरून नेला नाही. विचारून न्यायची गरज वाटली नाही, इतकेच. औषधाला कोणी विचारते काय? तेव्हापासून तो कंद नदीपलीकडे एका घरात फडक्यात बांधून ठेवलेला आहे आणि माझ्या मुलीची वाट बघतो आहे. ‘माझ्या मुलीची’ असे लिहिले गेले. ते खोडणार नाही.

शकुबाईंनी निरोप पाठवला आहे की महालक्ष्म्या उठल्या की बंडी पाठवतात. बाळंतपण सासरीच होईल. मी जिवंत आहे तोवर ती बंडी जशी येईल तशी रिकामी परत जाईल. प्रश्न मी नसल्यावरचा आहे. म्हणून पुढील व्यवस्था.

कलम पाचवे, घराविषयी. माझे राहते घर, परसू, विहीर आणि कुंपण मी माझा भाचा वामन याला देते. (वकील म्हणतात ‘भाचा’ नव्हे, ‘भावाचा मुलगा’ लिहा. लिहिले: भावाचा मुलगा. लहानपणापासून मी त्याला काय म्हणते ते कोर्टाला कशाला हवे.) अट एकच. कोकिळेचे हे बाळंतपण याच घरात, शिकलेल्या नर्सच्या हातून, डॉक्टर मन्सूर यांच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. अडले तर तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेले पाहिजे. त्याआधी ती सासरच्या बंडीत बसली, कोणाच्याही सांगण्यावरून बसली, तर घर वामनला मिळणार नाही. ते मुलींच्या शाळेला जाईल.

ही अट मी वामनला समोर बसवून वाचून दाखवली. तो यवतमाळला कचेरीत कारकून आहे. स्वभावाने मऊ, म्हणजे ज्याचा हात शेवटचा लागेल त्याचा आकार घेणारा. म्हणाला, “आत्या, सासरचे न्याले आले तं मी कसा अडवू? मले काय अधिकार?”

मी म्हणाले, “तोच लिहून देते आहे. आता तुला म्हणता येईल की माझे घर जाते.”

“लोक म्हनतीन, घरासाठी बहिनीले अडकवून ठेवलं.”

“म्हणू देत. मायेपोटी अडवलेस तर तुला तासाभरात गुंडाळतील. लोभापोटी अडवलेस तर कोणी वाद घालायला येणार नाही. ती गोष्ट सगळ्यांना समजते.”

तो रुसला. परसातले कुंपण काढून भाड्याच्या खोल्या बांधायच्या, हे त्याचे जुने स्वप्न आहे. बांधू दे. पुढच्या दाराची बुगनवेल खास त्याच्यासाठी ठेवते. काटे आहेत, कागदी रंग आहे, वास मुळीच नाही. तुझे जमेल, वामन.

कलम सहावे. कोठीतल्या बरणीतला धावड्याचा डिंक, गोडंबी आणि खारीक कोकिळेची. बाळंतपणानंतर लाडू करावेत. गोडंबी बिब्ब्याच्या आतली असल्यामुळे सोलताना हाताला तेल लागू देऊ नये; फोड येतात. माझ्या पोस्टातल्या खात्यातून नर्सची, डॉक्टरांची आणि मोटारीची तजवीज व्हावी, उरेल ते बाळाचे, मुलगी असली तरी. विशेषतः मुलगी असली तर.

जफरला माझा रेडिओ. त्याच्या बदल्यात त्याने दसऱ्यापर्यंत एक मोटार तेल भरून दारात ठेवायचे कबूल केले आहे. तो म्हणाला, “मौसी, रेडिओ नसता देल्ला तरी ठेवली असती.” मला ठाऊक आहे. पण ज्याला काही दिलेले असते त्याला कोणी ‘तू कोण’ म्हणून हटकत नाही.

शाळेला माझे बहिर्गोल भिंग आणि वाळवलेल्या पानांचे कागद. गुंजांचा डबा मात्र शाळेला देऊ नये. सोनार त्यावर सोने तोलत, म्हणून लोकांना गुंज निरुपद्रवी वाटते. पोरी माळा करायला तिला भोक पाडतात, आणि विष त्या फोडलेल्या दाण्यातच असते. डबा चुलीत घालावा. पुढच्या कुंपणावरची पिवळी कण्हेर शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून लोक हौसेने लावतात. शेळी का तोंड लावत नाही याचा विचार करत नाहीत. बाळ रांगायला लागण्याआधी ती मुळासकट काढावी. घाणेरीबद्दल माझा राग जुना आहे. कोण्या गोऱ्या साहेबाच्या मडमेने बंगल्यापुढे शोभेला लावली असे वडील सांगत, आणि तिने टेकडीवरचे गवत गिळले. तिच्यापायी गुराखी अजून शिव्या देतात. मीही देते. शेताकडच्या मोहाखाली फुले वेचायला येणाऱ्या कोलाम बायांना कोणी हाकलू नये. त्या माझ्या जन्माच्या आधीपासून येतात.

खड्यानाग उपटावा असे मला तिघांनी सुचवले. मी उपटणार नाही. माझ्या कुंपणातला उपटून टेकडीवरचा जात नाही, आणि ज्या मुलांनी तो ओळखायला शिकायचे ती शिकणार कुठे? वेलाला दोष नाही. तो कोणाच्या कपात आपण होऊन शिरत नाही.

कलम सातवे. हे कलम मी काल जोडले, आणि यासाठीच आज पुन्हा सगळे लिहून काढते आहे.

काल डॉक्टरांपुढे कच्चा मसुदा वाचला. वामन होता, रहमतबी होती. मला वाटले, सगळी दारे लावली. तेव्हा रहमतबी हळूच म्हणाली, “बाई, तुमी घरात गेल्या तं पोट्टीले घरात ठेवतीन काय?”

हे मला सुचले नव्हते. ज्या घरातून प्रेत निघाले त्या घरात गरोदर बाईला राहू देत नाहीत. त्याच दिवशी बाहेर काढतात. मी मेले की बायका जमतील, पहिली बाई म्हणेल पोरीला हलवा, आणि कोणीही, कोकिळा स्वतःसुद्धा, त्याला नाही म्हणणार नाही. हलवायचे कुठे? सासरी. शकुबाईंना भांडावे लागणार नाही, बंडी मागावी लागणार नाही. माझे मढेच तिला नदीपलीकडे पोचवील. मी इतकी कलमे लिहिली आणि मुख्य वाट उघडीच ठेवली होती.

वामन म्हणाला, “आत्या, ते तं रीतच हाय. त्याले कोन काय करनार?”

मी करणार. रीत म्हणते, ज्या घरातून प्रेत निघते ते घर. ठीक आहे. माझे या घरातून निघणार नाही. मी या घरात मरणार नाही.

म्हणून असे ठरले आहे. आजपासून कोकिळा बाळंत होईपर्यंत मी रहमतबीच्या घरी राहीन. मागच्या कुंपणात माणूस जाईल एवढी वाट आहे. दिवसा बरे वाटले तर कोकिळेपाशी येईन, पण अंगात कसर वाटली की पलीकडे. कोकिळेला सांगितले आहे की माझ्या खोलीचे कौल गळते. तिचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली आहे. मी तिकडे मेले तर माझे प्रेत रहमतबीच्या दारातून सरळ नदीवर न्यावे. माझ्या उंबरठ्याला, अंगणाला, ओसरीला त्याचा स्पर्श होऊ नये. कोकिळेला बाळंतपण होईपर्यंत कळू देऊ नये; मी औषधासाठी यवतमाळला गेले असे सांगावे. घरापुढे कोणी रडायचे नाही. ज्यांना माझ्यासाठी रडायचे असेल त्यांची यादी फार मोठी होणार नाही. त्यांनी स्मशानात रडून घ्यावे. सुतक वामनचे आहे, ते त्याने यवतमाळला त्याच्या बिऱ्हाडी पाळावे आणि तोंडातून शब्द काढू नये. दहावे-तेरावे बाळ झाल्यावर करावे, किंवा करू नये.

वामन लाल झाला. “मुसलमानाच्या घरातून आत्याची अर्थी काढाची? समाज तोंडावर थुंकीन.”

“पुसून घे,” मी म्हणाले. “घर मिळते आहे.”

मग मी रहमतबीकडे वळले. हे तिला विचारायला मला फार जड गेले. आयुष्यात मी कोणाकडे जागा मागितलेली नाही, आणि ही कसली जागा मागायची! म्हणाले, “तुझ्या घरात मरण येईल. तुला चालेल का?”

ती पान जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, “माह्या घरी आता कोन बाळंतीन होनार हाय, बाई? खुशाल मरा.” आणि थोड्या वेळाने, “पन घाई नोका करू. खाटेची पट्टी इनाची हाय अजून.”

डॉक्टर मन्सूर हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. मी हसले नाही. मला अजून भीती वाटते. नदी उतरली आहे, बंडीची वाट मोकळी आहे, आणि तो कंद अजून त्या फडक्यात आहे. शकुबाई तो रोज बघत असतील, वाळला तर नाही ना म्हणून. शकुबाईंना माझा शेवटचा निरोप असा: तुमच्यावर माझा राग नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण नातवंड तुमचेही आहे. बारशाला या, मानाने या, पुढच्या पाटावर बसा. हात रिकामे घेऊन या.

याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र असेल तर ते रद्द समजावे. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्या समोर केली.

साक्षीदार :
डॉ. मन्सूर हुसेन, दिग्रस (सही). लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीवर असून त्यांनी वाचताना मला दोनदा गप्प बसवले.
रहमतबी, दिग्रस (डाव्या हाताचा अंगठा).

लिहून देणार : कौसल्या विठ्ठलराव राऊत (सही)

तारीख : १४ सप्टेंबर १९६१
ठिकाण : दिग्रस. माझ्या घरी नव्हे. रहमतबीच्या घरी, नव्या पट्टीच्या खाटेवर.